बुडालेली जहाजे चोरीला जातात तेव्हा...

सायकल चोरीला जाते, मोबाईल चोरीला जातो, हॉस्टेलवर तर वाळत घातलेला टॉवेलसुद्धा चोरीला जातो. पण सुमारे 170 मीटर लांबीचे आणि साडेसहा हजार टनांच्या आसपास वजनाचे जहाज, तेही समुद्राच्या तळाशी पडलेले, चोरीला गेल्याचे कधी ऐकले आहे का? आणि एकच नाही, ओळीने अनेक!

नोव्हेंबर 2016 ची गोष्ट. एक आंतरराष्ट्रीय टीम इंडोनेशियाजवळच्या जावा समुद्रात गेली होती. तिथे 27 फेब्रुवारी 1942 रोजी दुसऱ्या महायुद्धातली एक मोठी सागरी लढाई झाली होती. 2017 मध्ये तिला 75 वर्षे पूर्ण होणार, म्हणून बुडालेल्या जहाजांची आधी नीट पाहणी करून ठेवायची, एवढाच बेत होता. डी रॉयटर आणि जावा या दोन डच क्रूझर 2002 मध्येच हौशी डायव्हर्सना सापडल्या होत्या आणि कोर्टेनार ही विनाशिका 2004 मध्ये. म्हणजे जागा पक्की माहीत होती. शोधायचे असे काहीच नव्हते.

टीमने मल्टिबीम सोनार चालू केला. या सोनारमधून ध्वनिलहरींचा पंख्यासारखा पसरट झोत खाली सोडतात. प्रत्येक लहर तळाला लागून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खोली कळते आणि पूर्ण तळाचा नकाशा तयार होतो. जहाज असेल तिथे नकाशात टेकडीसारखा उंचवटा दिसायला हवा. इथे दिसला तो खड्डा. लांबट आणि बरोबर जहाजाच्या आकाराचा! आपण फाउंड्रीमध्ये सँड मोल्डमधून पॅटर्न उचलून घेतो तेव्हा मागे जशी पोकळी राहते ना, अगदी तशी. जहाज स्वतःच्या वजनाने चिखलात रुतून बसले होते. कोणीतरी ते उचलून नेले होते आणि साचा तेवढा मागे ठेवला होता.

डी रॉयटर नाही. जावा नाही. कोर्टेनारचाही मोठा भाग नाही. एक्झेटर आणि एन्काउंटर ही ब्रिटिश जहाजे गायब. इलेक्ट्राचा बराच भाग गेलेला. अमेरिकेची पर्च नावाची पाणबुडी, तीही नाही.

त्या लढाईबद्दल थोडक्यात सांगायला हवं. जपानी सैन्य जावा बेटावर उतरणार होते. ते अडवायला डच, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन जहाजांचा एक मिश्र ताफा रिअर अ‍ॅडमिरल कारेल डोरमन या डच अधिकाऱ्याच्या हाताखाली निघाला. यांनी एकत्र सराव असा कधी केलाच नव्हता. समोर जपान्यांकडे जो पाणतीर होता त्यात हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरलेला, त्यामुळे पल्ला लांब आणि मागे बुडबुड्यांची रेघ जवळपास नाहीच. कोर्टेनार दुपारच्या लढाईतच गेली. रात्री डी रॉयटर आणि जावा काही मिनिटांच्या अंतराने पाणतिरांना बळी पडल्या. डोरमन आपल्या जहाजाबरोबरच गेला. एकट्या डच नौदलाची 900 हून जास्त माणसे त्या लढाईत मेली आणि त्यातली बरीचशी जहाजांच्या आतच राहिली. म्हणून या जहाजांना युद्धसमाधी मानतात. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे, तो लक्षात ठेवा.

आता टिपिकल मेकॅनिकलवाल्याचा प्रश्न : एवढं मोठं जहाज चोरतात कसं?

उत्तर फारच साधं आहे, आणि म्हणूनच चीड आणणारं. एक क्रेन बसवलेला बार्ज घ्यायचा. जागेवर नांगर टाकायचा. आजूबाजूच्यांना वाटतं, वाळू उपसणारा ड्रेजर असेल. क्रेनला एक अवजड पंजा लावलेला असतो. तो सोडायचा, पत्र्यावर आदळू द्यायचा, मिटायचा आणि ओढायचा. हल फारच घट्ट असेल तर आधी स्फोटके लावून तुकडे करायचे. जे येईल ते बार्जवर टाकायचं आणि किनाऱ्यावरच्या भंगार यार्डात नेऊन गॅसकटरने कापायचं. त्या पंजाला काय कळतं हो, तो बॉयलर उचलतोय की कोणाची हाडं? 2018 मध्ये इंडोनेशियातल्या एका वृत्तसंस्थेने तर अशी बातमी दिली की भंगाराबरोबर वर आलेली मानवी हाडे जावा किनाऱ्यावर एका ठिकाणी पुरली गेली. त्याची सरकारी चौकशी झाली, पण नक्की काही सिद्ध झाले नाही.

हे सगळं मिळवायचं काय, तर पोलाद. आणि त्याहून जास्त म्हणजे तांबे, पितळ, ब्राँझ. जहाजाचे प्रोपेलर ब्राँझचे असतात, एकेक कित्येक टनांचा. कंडेन्सरच्या नळ्यांमध्ये तांब्याचे मिश्रधातू. म्हणून पुष्कळ जहाजांवर चोर आधी प्रोपेलरच काढून नेतात.

इथे एक गंमतशीर गोष्ट बरेचदा वाचायला मिळते की हे पोलाद किरणोत्सर्गापासून मुक्त असल्याने त्याला सोन्याचा भाव आहे. यात तथ्य आहे, पण अर्धेच. पोलाद बनवताना त्यात हवा किंवा ऑक्सिजन फुंकतात. जुलै 1945 मधल्या पहिल्या अणुचाचणीनंतर वातावरणात किरणोत्सर्गी कण वाढले आणि ते नव्या पोलादात उतरू लागले. अतिशय संवेदनशील किरणोत्सर्ग मापकांना म्हणून जुने पोलाद लागायचे. स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोमध्ये जर्मनांनी 1919 मध्ये स्वतःच आपला ताफा बुडवला होता, त्यातून असे पोलाद रीतसर काढले गेले. पण 1963 च्या करारानंतर वातावरणातल्या अणुचाचण्या खूप कमी झाल्या, हवा निवळत गेली, आणि ही गरजही बरीच कमी झाली. माझ्या मते जावा समुद्रातली चोरी समजायला एवढी भारी थिअरी लागतच नाही. भंगाराचा भाव पुरतो.

कोणी म्हणेल, मग त्यात बिघडलं काय? जहाज नाहीतरी गंजूनच जाणार. रिसायकलिंग झालं, चांगलंच झालं की! हा युक्तिवाद मला सहज झटकता येत नाही, कारण आपल्याकडेही हेच घडलंय. 1971 च्या युद्धातली आपली विमानवाहू आयएनएस विक्रांत 2014 मध्ये मुंबईत दारूखान्याला तोडली गेली आणि तिच्या पोलादाचा काही अंश 2016 मध्ये बजाजच्या व्ही या मोटरसायकलमध्ये आला. म्युझियम व्हावं म्हणून लोक कोर्टात गेले, हळहळले. पण ती नौदलाने स्वतः विकलेली, रिकामी, मोजदाद झालेली नौका होती. तिच्यात कोणी झोपलेलं नव्हतं. डी रॉयटर कोणी विकली नव्हती आणि ती रिकामीही नव्हती. पोलाद दोन्हीकडे सारखंच. फरक मालकीचा आहे आणि माणसांचा आहे.

मालकी कोणाची?

सर्वसाधारण समज असा की समुद्रात बुडालेली वस्तू ज्याला सापडेल त्याची. युद्धनौकांच्या बाबतीत हे मुळीच खरं नाही. बहुतेक सागरी देशांची भूमिका अशी की युद्धनौका बुडाली तरी ती आपल्या देशाचीच मालमत्ता राहते, त्या देशाने स्पष्टपणे सोडून देईपर्यंत. कितीही वर्षे होवोत. अमेरिकेने 2004 मध्ये तसा कायदाच केला. त्यात परवानगीशिवाय जहाजाला हात लावला तर एक लाख डॉलर्सपर्यंत दंड आहे आणि गुन्हा चालू राहिला तर प्रत्येक दिवस वेगळा मोजतात. ब्रिटनचा कायदा 1986 चा. त्यात दोन वर्ग केले आहेत. एकात बघायला जाऊ शकता, पण हात लावायचा नाही आणि आत शिरायचे नाही. दुसऱ्यात लायसन्सशिवाय डायव्हिंगच करायचे नाही.

कागदावर हे छान दिसतं. पण मलेशियाच्या कुआंतानसमोर काय झालं ते बघा. तिथे प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या दोन प्रचंड ब्रिटिश युद्धनौका आहेत. 10 डिसेंबर 1941 ला जपानी विमानांनी त्या बुडवल्या, 840 माणसे गेली. दोन्ही 2001 पासून ब्रिटिश कायद्याखाली संरक्षित. पण परदेशातल्या पाण्यात तो कायदा बांधतो कोणाला? ब्रिटिश नागरिकांना आणि ब्रिटिश जहाजांना. दुसऱ्या देशाचा ड्रेजर आला तर लंडनचा कायदा त्याला काय करणार? मे 2023 मध्ये मलेशियाच्या सागरी यंत्रणेने चुआन हाँग 68 नावाचा चिनी ड्रेजर पकडला. त्यावर गंजलेले जुने तोफगोळे सापडले, ते याच दोन जहाजांवरचे असावेत असा संशय. पण जहाज थांबवलं ते कोणत्या कारणावरून? परवानगीशिवाय नांगर टाकला म्हणून! म्हणजे चोराला घरफोडीसाठी नाही तर नो पार्किंगसाठी पकडायचं.

आता युनेस्कोचा करार. पाण्याखालच्या सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा हा करार 2001 मध्ये मंजूर झाला आणि 2 जानेवारी 2009 पासून लागू झाला. त्याची दोन तत्त्वे मला फार पटतात. पहिले, वस्तू जिथे आहे तिथेच जपण्याचा विचार सर्वांत आधी करायचा. दुसरे, तिचा धंदा करायचा नाही. पण व्याख्येत एक अट आहे. वस्तू किमान 100 वर्षे पाण्याखाली असली पाहिजे. पहिल्या महायुद्धातली जहाजे 2014 पासून त्यात बसू लागली. 1942 ची जहाजे 2042 मध्ये बसतील. तोपर्यंत डी रॉयटरच्या जागी जपायचा असेल तर खड्डा आहे.

दुसरी विसंगती म्हणजे 2001 च्या मतदानात ब्रिटन आणि नेदरलँड्स दोघेही तटस्थ राहिले होते. पुढे जहाजे त्यांचीच गेली. आणि इंडोनेशियालाच सगळा दोष देऊन मोकळं होणंही बरोबर नाही. 2016 मध्ये तिथल्या एका पुरातत्त्व अधिकाऱ्याने सरळ सांगितलं की ही जहाजे सांभाळा असं आम्हाला डच सरकारने कधी सांगितलंच नव्हतं, तसा करार नव्हता, मग जबाबदारी आमची कशी? ऐकायला कोरडं वाटतं, पण मुद्दा खरा आहे. त्या लढाईत इंडोनेशिया हा स्वतंत्र देशही नव्हता. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांची जहाजे, किनाऱ्यापासून सुमारे 100 किलोमीटर आत समुद्रात, आपल्या पैशाने रात्रंदिवस राखायची, हे कोणाला सहज सुचेल?

गंज

समजा एकही चोर आला नाही. तरी जहाज टिकेल का? इथे आपला फर्स्ट इयरचा अप्लाइड केमिस्ट्रीचा गंजण्यावरचा चॅप्टर कामाला येतो. (हो, तोच, ज्याने अर्ध्या वर्गाला केटी लावली.)

समुद्राच्या पाण्यात साध्या पोलादाचा गंजण्याचा दर ठोकळमानाने वर्षाला 0.1 मिलिमीटर धरतात. 12 मिलिमीटरची प्लेट दोन्ही बाजूंनी गंजली तर वर्षाला 0.2, म्हणजे 60 वर्षांत संपली. या हिशेबाने दुसऱ्या महायुद्धातली बहुतेक जहाजे आतापर्यंत भुगा व्हायला हवी होती. ती झाली नाहीत, कारण समुद्र स्वतःच त्यांना एक कोट चढवतो. शंख, प्रवाळ, चुनखडी आणि गंज यांचा मिळून पत्र्यावर एक कठीण थर जमतो. त्यातून ऑक्सिजन आत पोचायला वेळ लागतो आणि गंजण्याचा वेग उतरतो. मात्र चिखलात गाडलेला भाग ऑक्सिजन नाही म्हणून सुरक्षित, असं समजू नका. तिथे सल्फेटवर जगणारे बॅक्टेरिया असतात आणि ते आपलं काम वेगळ्या मार्गाने करतात.

शिवाय जहाज म्हणजे एकच धातू नव्हे. ब्राँझचा प्रोपेलर, त्याला लागून पोलादी हल, आणि भोवती खारं पाणी, म्हणजे झाला की गॅल्व्हॅनिक सेल! पोलाद अ‍ॅनोड बनतं आणि ते आधी खाल्लं जातं.

आता विचार करा, चोराच्या पंजाने नेमकं काय होतं. तो जे उचलून नेतो ते तर गेलंच. पण जे मागे राहतं त्याचा कोटही तो खरवडून टाकतो. उघड्या पोलादाला ताजा ऑक्सिजन मिळतो आणि मंदावलेला गंज पुन्हा जोरात सुरू होतो. तोडलेल्या कडांपासून वजनाचा तोल बिघडतो, मग एखादा डेक स्वतःच कोसळतो. मासेमारीसाठी लावलेला सुरुंग असो, ओढलेलं जाळं असो किंवा पर्यटकांच्या बोटीचा नांगर असो, परिणाम तोच, फक्त प्रमाण लहान. मायक्रोनेशियातल्या चूक लगूनमध्ये 1944 मधली जपानी जहाजे बघायला जगभरचे डायव्हर्स येतात. अशा ठिकाणी जहाजापासून जरा दूर पक्का बोया बसवला की बोटीने तिथे दोर बांधायचा, जहाजावर नांगर टाकायचा नाही. उपाय किती साधा!

पण कुठले जहाज किती वर्षे टिकेल हे ठरवायचं कसं? ऑस्ट्रेलियाचे इयान मॅकलिऑड यांनी यावर अनेक वर्षे काम केलं. पद्धत अशी : डायव्हर त्या कठीण थरात ड्रिलने एक छोटं भोक पाडतो, ताबडतोब आत इलेक्ट्रोड घालतो आणि धातूच्या पृष्ठभागाजवळचा पीएच आणि त्याचे कोरोजन पोटेन्शियल मोजतो. भोक परत बंद करतो. या दोन आकड्यांवरून धातू कोणत्या अवस्थेत आहे आणि साधारण कोणत्या वेगाने गंजतोय ते काढता येतं. आपण ज्या आकृत्या फक्त पाच मार्कांसाठी पाठ करतो त्या तिथे जहाजाचं वय सांगतात.

आणि नुसतं निदान नव्हे, उपचारही आहे. ऑस्ट्रेलियाची एई-2 ही पाणबुडी 30 एप्रिल 1915 ला तुर्कस्तानच्या मार्मारा समुद्रात बुडाली. सुल्तानहिसार या तुर्की बोटीने तिला जखमी केलं आणि शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तिच्याच लोकांनी तिला बुडवलं. 1998 मध्ये ती शोधून काढली ती सेल्चुक कोलाय या तुर्की म्युझियम संचालकांनी! म्हणजे ज्यांनी पाडली त्यांच्याच नातवंडांच्या पिढीने शोधली. 2014 मध्ये दोन्ही देशांच्या लोकांनी मिळून तिला सॅक्रिफिशियल अ‍ॅनोड जोडले. झिंक पोलादापेक्षा लवकर गंजतं, म्हणून ते स्वतः झिजतं आणि पाणबुडी वाचते. आपल्या घरातल्या गीझरमध्ये जो रॉड असतो, तत्त्व तेच. वर इशारा देणारा बोयाही लावला, म्हणजे कोणाचं जाळं किंवा नांगर तिच्यात अडकणार नाही. पाणबुडी वर काढून म्युझियममध्ये ठेवायचा मोह कोणालाही झाला असता. पण इतकी वर्षे मिठात मुरलेले पोलाद हवेत आणले की ते टिकवणे अजूनच कठीण आणि महाग असते. खाली ठेवणेच शहाणपणाचे.

तेल आणि दारूगोळा

जपणं म्हणजे हात न लावणं, हे सूत्र जिथे मोडतं ती जागा म्हणजे तेलाच्या टाक्या. ही जहाजे पूर्ण इंधन भरून लढाईला निघालेली असत. पत्रा पातळ होत जातो आणि एक दिवस टाकी फुटते.

पर्ल हार्बरला 7 डिसेंबर 1941 ला बुडालेल्या अ‍ॅरिझोनावर 1,177 माणसे गेली आणि 900 हून अधिक अजून आतच आहेत. तिच्यात सुमारे पाच लाख गॅलन, म्हणजे जवळजवळ 19 लाख लिटर तेल उरले आहे असा अंदाज आहे आणि ते रोज काही लिटर असे थेंबाथेंबाने वर येते. हे तेल काढायचं तर समाधी फोडावी लागेल, म्हणून ते काढलेलं नाही. त्याऐवजी तिथल्या नॅशनल पार्क सर्व्हिसने गंजण्याचा दर मोजला, जहाजाच्या मधल्या भागाचे फायनाइट एलिमेंट मॉडेल बनवून घेतले आणि सांगाडा कसा व कधी खचू शकतो याचा अभ्यास केला. त्या दिवशी वाचलेल्या खलाशांपैकी चाळीसहून अधिक जणांच्या अस्थी त्यांच्या इच्छेनुसार, म्हातारपणी मृत्यू आल्यावर, डायव्हर्सनी त्याच जहाजात नेऊन ठेवल्या आहेत. हे वाचल्यावर त्या तेलाचा निर्णय किती अवघड असेल ते कळतं.

स्कापा फ्लोमधल्या रॉयल ओकबाबत ब्रिटनने उलट निर्णय घेतला. 14 ऑक्टोबर 1939 ला जर्मन पाणबुडीने ती बुडवली, 800 हून जास्त माणसे गेली. ती जवळजवळ उलटी पडली आहे, त्यामुळे तळाच्या टाक्या वर आल्या. तेल गळू लागल्यावर ते हॉट टॅपिंगने काढायला घेतलं. ही पद्धत मला फार आवडली. टाकीच्या पत्र्यावर बाहेरून एक फ्लँज घट्ट बसवायची. तिच्यावर व्हॉल्व्ह. उघड्या व्हॉल्व्हमधून कटर आत घालून पत्र्याला भोक पाडायचं, कटर मागे घेऊन व्हॉल्व्ह बंद करायचा, मग होज जोडून पंप चालू. एक थेंब बाहेर सांडत नाही आणि आतल्या माणसांच्या जागेला धक्काही लागत नाही. 2010 पर्यंत सुमारे 1,600 टन तेल असं काढलं गेलं. दरवर्षी नौदलाचे डायव्हर्स खाली जाऊन तिच्यावरचा झेंडा बदलतात. इंजिनिअरिंग आणि आदर, दोन्ही एकाच जहाजावर.

दारूगोळ्याचं मात्र असं सोपं उत्तर नाही. इंग्लंडमध्ये थेम्सच्या मुखाशी रिचर्ड मॉन्टगोमेरी नावाचं मालवाहू जहाज ऑगस्ट 1944 मध्ये वाळूत रुतून मोडलं. अर्धाअधिक माल उतरवला, तरी सुमारे 1,400 टन स्फोटके आत राहिली. 1,400 टन म्हणजे किती, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन फुटलं, त्यावर साधारण तितकीच स्फोटके होती. गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मेली, धक्का सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. म्हणूनच 14 एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात. ब्रिटनने मॉन्टगोमेरीभोवती प्रवेशबंदीचे क्षेत्र आखले आणि नियमितपणे सोनार सर्व्हे करून सांगाड्यातली प्रत्येक नवी भेग नोंदवली जाते. डोलकाठ्यांच्या वजनाने हल मोडून माल हलू नये म्हणून त्या कापायची योजना झाली, तीही वारंवार लांबणीवर पडली. हात लावला तर धोका, नाही लावला तरी धोका.

जावा समुद्राजवळ परत येऊ. सुंदा सामुद्रधुनीत ऑस्ट्रेलियाची पर्थ ही क्रूझर 1 मार्च 1942 च्या पहाटे बुडाली, 681 पैकी 353 जण तिच्याबरोबर गेले. 2017 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या संशोधकांनी एकत्र तपासणी केली तेव्हा तिचा निम्म्याहून जास्त भाग चोरीला गेलेला होता. पण या वेळी दोघांनी मिळून मोजलं होतं, त्यामुळे दोघांकडे एकच नकाशा होता. 2018 मध्ये इंडोनेशियाने त्या जागेभोवती सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केलं. उशीर झाला, हे खरं. तरी डी रॉयटरच्या वेळी जे नव्हतं ते इथे होतं : आधीचा सर्व्हे, नंतरचा सर्व्हे, आणि किनाऱ्यावरच्या देशाला हे आपलंही काम आहे असं वाटणं. माझ्या मते शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हजारो किलोमीटरवरच्या राजधानीतून समुद्रतळावर पहारा होत नसतो.

आपल्या समुद्रात काय?

गोव्याला दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचं काम चालतं, गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या जुन्या पोर्तुगीज काळातल्या बुडालेल्या जहाजांवर त्यांनी संशोधन केलं आहे. पण युद्धातली जहाजे म्हटली की आपल्याला 1971 आठवतं. आयएनएस खुकरी 9 डिसेंबर 1971 ला दीवसमोर पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतिराने बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक, आणि त्यांच्याबरोबर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. दीवला तिचं स्मारक आहे. 100 वर्षांच्या हिशेबाने ती वारसा ठरेल 2071 मध्ये.

दुसऱ्या बाजूला विशाखापट्टणमसमोर पाकिस्तानची घाझी ही पाणबुडी आहे, त्याच डिसेंबरात बुडालेली, 93 जणांसह. फेब्रुवारी 2024 मध्ये बातमी आली की आपल्या नौदलाच्या खोल पाण्यातल्या बचाव वाहनाने तिचे अवशेष पाहिले, आणि मृतांचा मान राखून त्यांना हात लावला नाही. शत्रूच्या समाधीला हात लावायचा नाही, हे आपण केलं, याचा मला अभिमान वाटतो. त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. घाझी मूळची अमेरिकन नौदलाची डायब्लो, 1960 च्या दशकात पाकिस्तानला भाड्याने दिलेली. बांधली एकाने, वापरली दुसऱ्याने, पडली तिसऱ्याच्या दारात.

ती दुसऱ्या महायुद्धात बांधलेली पाणबुडी आहे, पोलाद त्याच काळातलं. वर सांगितलेला सगळा हिशेब तिला आणि खुकरीलाही लागू होतो : गंज, उरलेलं इंधन, दारूगोळा, मच्छीमारांची जाळी. हलची जाडी आज किती उरली आहे हे मोजायला आत शिरावं लागत नाही. पृष्ठभागाचा एवढासा तुकडा साफ करून अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज बाहेरूनच लावता येतो, रोबोटच्या हातातसुद्धा. दर पाच वर्षांनी त्याच दहा-बारा ठिकाणी रीडिंग घेतलं तरी पुरे. तो गेज आपल्या मेट्रोलॉजी लॅबच्या कपाटातही आहे, फक्त वॉटरप्रूफ नाही.